फोनवर टाकलेलं बुकिंग कॉम्प्युटरवर दिसत नाही? नवा फोन घेण्याआधी हे तपासा

हरिहरेश्वर, गुहागरपासून तारकर्ली-देवबागपर्यंत ज्यांनी घरातल्या दोन-चार खोल्या पर्यटकांसाठी काढल्यात, त्यांच्याकडे ही तक्रार ठरलेली असते. फोन येतो, वहिनी चुलीजवळूनच २५ डिसेंबरचं बुकिंग मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकतात. पडवीतल्या विंडोज कॉम्प्युटरवर ते उमटत नाही. ठाण्यातला मुलगा त्याच्या मॅकबुकवर बघतो, त्यालाही खोली रिकामी दिसते, आणि तो ती ऑफिसातल्या मित्राला देऊन मोकळा होतो. नाताळच्या दुपारी दोन गाड्या एकाच अंगणात! “मियां फोनात घातलंय, मगे थयसर कित्याक दिसना नाय?” हा प्रश्न मालवण परिसरात कॉम्प्युटरची कामं करताना मी सतत ऐकतो. त्यापाठोपाठ निष्कर्षही तयार असतो: फोन खराब, कुडाळला जाऊन नवा आणू.

नवा फोन येतो आणि महिन्याभरात तेच सुरू होतं. कारण दोष बहुतेक वेळा फोनचा नसतोच. नोंद कुठल्या खात्यात साठवायची हे घरात कुणी ठरवलेलंच नसतं. खातं आधी ठरवायचं, मग त्या खात्याशी आपणहून जुळणारा फोन निवडायचा. आपल्याकडे होतं उलटं. आधी फोन येतो, मग दुकानातला पोरगा जमेल ते खातं त्यात उघडून देतो.

आधी दोष कुठल्या बाजूला आहे ते बघा

फोनवर उद्याच्या तारखेला ‘चाचणी’ नावाची नोंद टाका. मग कुठल्याही कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडून गूगल कॅलेंडरच्या वेबसाइटवर आपल्या खात्याने लॉगिन करा. मायक्रोसॉफ्टचं आउटलुक नको, मॅकचं कॅलेंडर नको, थेट वेबसाइटच. तिथे ‘चाचणी’ दिसली तर फोनने त्याचं काम केलेलं आहे, घोटाळा कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिसली नाही तर नोंद फोनमधून बाहेरच पडलेली नाही. या एका तपासणीने अर्धं काम होतं, आणि हीच कुणी करत नाही.

नोंद फोनमध्येच अडकली असेल तर

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण: नोंद गूगलच्या खात्यात गेलेलीच नसते, ती फोनच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये पडलेली असते. सॅमसंगच्या कॅलेंडर अ‍ॅपमध्ये ‘माय कॅलेंडर’ असतं, इतर कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये ‘लोकल’ किंवा ‘फोन’ अशा नावाचं काहीतरी असतं, आयफोनवर ‘ऑन माय आयफोन’ असू शकतं. तिथे टाकलेलं बुकिंग फोनवर छान रंगीत दिसतं, वेळेवर घंटीही वाजते, म्हणून संशयच येत नाही. पण ते त्या फोनपुरतंच असतं. नवी नोंद करताना नावाखाली कुठला ईमेल पत्ता दिसतोय तिकडे लक्ष द्या. पत्ता नसून नुसतं ‘माय कॅलेंडर’ असेल तर तिथेच बोट ठेवून गूगलचं खातं निवडा. पुढच्या वेळी बहुतेक अ‍ॅप तेच लक्षात ठेवतात. आयफोनवर सेटिंग्जमधल्या कॅलेंडर विभागात ‘डिफॉल्ट कॅलेंडर’ एकदा बदलून ठेवायचं. अँड्रॉइडवर मी सरळ कंपनीचं कॅलेंडर बाजूला ठेवून गूगलचं अ‍ॅप मुख्य पडद्यावर आणून देतो, म्हणजे वाद मिटतो.

दुसरं कारण आपल्याकडचं खास. फोन घेताना दुकानदाराने नवं जीमेल काढून दिलेलं असतं. त्याचा पासवर्ड घरात कुणालाच माहीत नसतो, आणि नोंदी बरोबर त्याच खात्यात जात असतात. कॉम्प्युटरवर मात्र मुलाने काढलेलं जुनं जीमेल उघडलेलं असतं. दोन्ही बाजूंना सिंक, म्हणजे खात्याशी नोंदींचा मेळ, व्यवस्थित चालू असतं, फक्त वेगवेगळ्या खात्यांशी. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ उघडून किती पत्ते आहेत ते मोजा. एकापेक्षा जास्त निघाले तर धंद्याचं कुठलं ते आजच ठरवा.

तिसरं, बॅटरी सेव्हर. पावसाळ्यात लाईट गेली की सगळे तो चालू करतात, आणि लाईट आल्यावर बंद करायचं राहून जातं. बॅटरी सेव्हर पार्श्वभूमीत चालणारी कामं आवरतो, त्यात सिंकही येतं. शिवाय बऱ्याच अँड्रॉइड कंपन्यांनी स्वतःची वेगळी बंधनं घातलेली असतात, त्यामुळे पडदा बंद झाला की अ‍ॅप झोपतं. “व्हॉट्सअ‍ॅप येतंय, मग नेट आहेच की,” असं लोक म्हणतात, पण व्हॉट्सअ‍ॅपला बहुतेक फोन सवलत देतात, कॅलेंडरला देतीलच असं नाही. सेटिंग्जमध्ये कॅलेंडर अ‍ॅपच्या बॅटरी पर्यायात जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. खात्यांच्या यादीतलं ‘ऑटो सिंक’ बंद झालं नाही ना, तेही तिथेच बघून घ्या. मुलाने शेअर केलेलं कॅलेंडर फोनवर येतच नसेल तर गूगल कॅलेंडर अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये त्या कॅलेंडरच्या नावावर दाबून त्याचं वेगळं ‘सिंक’ बटण चालू करावं लागतं.

रेंजचं सांगायला नको. चिऱ्याच्या जाड भिंती वाय-फाय चांगलंच अडवतात, त्यातही ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ पेक्षा लवकर मरतो. माजघरात फोन वापरणाऱ्यांनी राउटरवरचं २.४ चं नाव निवडावं. नेट नसताना टाकलेली नोंद हरवत नाही, फोनमध्ये थांबून राहते आणि रेंज मिळाली की जाते. पण मधल्या चार तासांत ठाण्याहून दुसऱ्याने तीच खोली दिली तर त्याला कुठलंही यंत्र काही करू शकत नाही. फोनवरच्या गिऱ्हाईकाला ‘थोड्या वेळाने पक्कं सांगते’ म्हणणं हाच त्यावरचा इलाज.

घड्याळ आणि तारीख

लाईट वारंवार जाते तिथे हे कारण नक्की तपासायचं. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की लाईट गेल्यावर कॉम्प्युटरची तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षावर जाते. सुरक्षित जोडणीसाठी वेबसाइटचं प्रमाणपत्र आजच्या तारखेला चालतं का ते तपासलं जातं, आणि कॉम्प्युटरला आजची तारीखच चुकीची वाटत असेल तर ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडून बसतो. मग ना मेल, ना कॅलेंडर. लोक याला व्हायरस समजून विंडोज नव्याने टाकून घेतात. खरं तर काम फक्त सेल बदलण्याचं असतं, आणि तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

विंडोज नव्याने टाकली की टाइम झोन तपासा. तो चुकून अमेरिकेचा पॅसिफिक राहिला तर भारतापेक्षा साडेबारा किंवा साडेतेरा तासांचा फरक पडतो, आणि सकाळी ११ चं चेक-इन आदल्या रात्रीवर जाऊन बसतं. सगळ्याच नोंदी सारख्याच तासांनी सरकलेल्या दिसल्या तर सिंक बिघडलेलं नाही, टाइम झोन बघा.

नोंद वेबसाइटवर आहे, पण कॉम्प्युटरवर नाही

इथे बहुतेक वेळा आउटलुक असतं. जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये जीमेल जोडलं की आयमॅप या मेल आणायच्या पद्धतीने फक्त मेल येतात. आयमॅपमध्ये कॅलेंडर हा प्रकारच नाही. मेल येतायत म्हणजे कॅलेंडरही येत असणार, हा समज सोडा. नव्या आउटलुकमध्ये गूगल खातं कॅलेंडरसकट जोडता येतं. विंडोजबरोबर येणारं ‘कॅलेंडर’ अ‍ॅप वापरत असाल तर त्याचा आधार मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ नंतर काढून घेतलाय, त्यात डोकं घालू नका. माझं मत विचाराल तर काउंटरवरच्या कॉम्प्युटरला आउटलुक लागतच नाही. ब्राउझरमध्ये गूगल कॅलेंडरचं पान कायम उघडं ठेवा.

आयसीएस फाईल (कॅलेंडरच्या नोंदींची फाईल) ‘इम्पोर्ट’ करून घेतलेलं कॅलेंडर म्हणजे सातबाऱ्याची झेरॉक्स. मूळ उताऱ्यावर फेरफार झाला तरी झेरॉक्स होती तशीच राहते. लिंकने ‘सबस्क्राइब’ केलेलं कॅलेंडर आपणहून ताजं होतं, पण एकाच दिशेने, आणि सावकाश. खोल्यांची बुकिंग घेणाऱ्या वेबसाइट जी आयकॅल लिंक देतात ती याच जातीची. तिकडे झालेलं बुकिंग गूगल कॅलेंडरवर यायला काही तास लागतात, कधी अर्धा दिवसही जातो. मे महिन्यात किंवा नाताळात, जेव्हा एकेका खोलीला तासाभरात तीन फोन येतात, तेव्हा या लिंकवर विसंबणं धोक्याचं. त्या दिवसांत वेबसाइटचं स्वतःचं अ‍ॅप उघडून तारखा हाताने बंद करा.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधल्या ‘इंटरनेट अकाउंट्स’मध्ये गूगल जोडून त्यातलं कॅलेंडरचं बटण चालू केलं की झालं. लिनक्सवाल्यांनी थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर घ्यावं, २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून कॅलेंडर त्यात आतच आहे. आयफोन किंवा मॅकवर स्वतःचं कॅलेंडर दिसतं पण दुसऱ्याने शेअर केलेलं दिसत नाही, अशी तक्रार असेल तर गूगलचं ‘सिंकसिलेक्ट’ नावाचं एक वेगळं पान आहे. तिथे हव्या त्या कॅलेंडरसमोर खूण करावी लागते. हे पान कुठल्या मेन्यूत सापडत नाही, शोधूनच जावं लागतं.

सिंक बरोबर, तरी एक दिवस इकडे-तिकडे

हा घोळ मला सगळ्यात जास्त छळतो, कारण यात बिघडलेलं काहीच नसतं. पाहुणे २४ ला येणार, २६ ला सकाळी जाणार. वहिनी फोनवर २४ ते २६ अशी पूर्ण दिवसाची नोंद करतात, तीन दिवस रंगतात. तेच बुकिंग वेबसाइटवरून लिंकने आलं तर २४ आणि २५ असे दोनच दिवस रंगतात. कारण आयकॅलेंडर या नोंदींच्या देवाणघेवाणीच्या ठरलेल्या पद्धतीत (इंटरनेटचा मानक दस्तऐवज आरएफसी ५५४५, वर्ष २००९) पूर्ण दिवसाच्या नोंदीची शेवटची तारीख मोजणीत धरायची नाही असा नियम आहे. २६ ही सुटण्याची तारीख, ती रात्र मोकळी. दोन पद्धती एकाच पडद्यावर आल्या की कुणी म्हणतं सिंकने एक दिवस खाल्ला, कुणी २६ ची रिकामी खोली भरलेली समजून गिऱ्हाईक परत पाठवतं. घरात एकच नियम करा: नोंद रात्रींची करायची. २४ ला येऊन २६ ला जाणाऱ्याची नोंद २४ ते २५, आणि जाण्याची वेळ नावात लिहायची. असं केलं की वेबसाइटच्या नोंदीशीही मेळ बसतो.

त्याच जातीचा आणखी एक घोळ म्हणजे दरवर्षी पुन्हा येणारी नोंद. ‘गणपती, खोल्या बंद, चाकरमानी घरी’ ही नोंद ‘दरवर्षी’ म्हणून टाकली की कॅलेंडर ती इंग्रजी तारखेला चिकटवतं. गणेश चतुर्थी २०२४ ला ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला, २०२६ ला १४ सप्टेंबरला. आंगणेवाडीच्या जत्रेचं तर तिथीवरही नसतं, देवीचा कौल घेऊन तारीख ठरते, आणि जाहीर झाल्याबरोबर मालवणातल्या खोल्यांचे फोन सुरू होतात. या नोंदी दरवर्षी हातानेच टाकायच्या.

दुहेरी नोंदी दिसल्या तर घाईने पुसू नका. एकच कॅलेंडर खात्यातूनही येत असेल आणि लिंकनेही, तर लिंक काढून टाका, नोंदींना हात लावू नका. खऱ्या खात्यातली नोंद फोनवरून पुसली की ती सगळीकडून जाते. गेलीच तर कॉम्प्युटरवर गूगल कॅलेंडरच्या ट्रॅशमध्ये ती सुमारे ३० दिवस असते, तिथून परत आणता येते.

आता फोन निवडायचाच असेल तर

१९९६ मध्ये पामचा पायलट हा खिशातला डायरीवजा कॉम्प्युटर आला तेव्हा हे सगळं वायरने चालायचं. यंत्र कॉम्प्युटरला जोडलेल्या पाळण्यात (स्टँडमध्ये) ठेवायचं, हॉटसिंकचं बटण दाबायचं, आणि त्या कॉम्प्युटरशी मेळ बसायचा. घरचा आणि ऑफिसचा असे दोन कॉम्प्युटर झाले की तिथेच गुंता सुरू. आता मेळ यंत्र आणि कॉम्प्युटरमध्ये बसतच नाही, दोघेही सर्व्हरशी, म्हणजे आपलं खातं सांभाळणाऱ्या दूरच्या कॉम्प्युटरशी, बोलतात. म्हणून फोन निवडताना प्रश्न एकच: आपलं खातं ज्या सर्व्हरवर आहे त्याची भाषा हा फोन जन्मतः बोलतो का?

घरात विंडोज, मॅक, लिनक्स अशी सरमिसळ असेल तर गूगलचं खातं घ्या. अँड्रॉइडला ते रक्तातच आहे आणि आयफोनलाही चालतं, कारण आयफोन कॅलडॅव्ह ही कॅलेंडरची खुली पद्धत (आरएफसी ४७९१, वर्ष २००७) आपणहून जाणतो. अँड्रॉइड ती जाणत नाही. त्यामुळे कुणी हौसेने घरच्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड हे स्वतःचं खातं चालवायचं सॉफ्टवेअर बसवलं असेल तर अँड्रॉइडवर डॅव्हएक्स-फाइव्हसारखं वेगळं अ‍ॅप लागतं. सगळ्यांकडे अ‍ॅपलचीच यंत्रं असतील तर आयक्लाउड उत्तम. पण उद्या घरातला एकजण अँड्रॉइड घेईल, तर आयक्लाउडचं कॅलेंडर त्यावर आणणं कटकटीचं आहे. आउटलुक डॉट कॉमचं खातं असेल तर फोनवर आउटलुक अ‍ॅप घ्या. ते खातं कॅलडॅव्ह बोलत नाही, त्यामुळे थंडरबर्डशी जोडताना अडतं.

पासवर्ड घरभर वाटू नका. धंद्यासाठी एक वेगळं जीमेल काढा, प्रत्येक खोलीचं वेगळं कॅलेंडर करा, आणि कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून ते घरच्या प्रत्येकाच्या खात्याशी ‘नोंदी बदलण्याच्या’ परवानगीने शेअर करा. खोली भरली की त्या रंगाची पट्टी सगळ्यांकडे एकदमच दिसते.

यंत्रांपैकी नुसत्या वाय-फायचा टॅब्लेट घेऊ नका. मोठा पडदा छान दिसतो, पण बाजारात किंवा जेटीवर उभं असताना तो आंधळा असतो. घरी काउंटरवर ठेवायला दुसरं यंत्र म्हणून चालेल. जुना, कुणी दिलेला अँड्रॉइड ‘फक्त कॅलेंडरसाठी’ वापरायचा मोहही आवरा. अँड्रॉइड २.३.७ आणि त्याआधीच्या फोनांवर गूगलने २७ सप्टेंबर २०२१ पासून लॉगिनच बंद केलंय, आणि त्यानंतरच्या बऱ्याच जुन्या फोनांवर नवी अ‍ॅप बसत नाहीत. दुकानात कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारण्याऐवजी सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा.

दोन सिमचा फोन आपल्याकडे चैन नाही, गरज आहे. एका वळणावर एका कंपनीची रेंज, पुढच्या वाडीत दुसरीची. एका सिमचं नेट गेलं की दुसऱ्यावर आपोआप जाण्याची सोय आहे का, ते बघून घ्या. किनाऱ्यावर किंवा होडीवर काम असेल तर आयपी ६७, ६८ असे पाणी-धूळ रोखण्याचे आकडे दाखवतील. त्या चाचण्या गोड्या पाण्यात होतात. खाऱ्या पाण्याचा आणि खाऱ्या हवेचा त्रास चार्जिंगच्या भोकाला होतोच. ओल्या हाताने चार्जर लावू नये, आणि खारं पाणी लागलं तर गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावा.

पैसे देण्याआधी दुकानातच चाचणी घ्या. आपल्या खात्याने लॉगिन करून एक नोंद टाका आणि सोबतच्या माणसाच्या फोनवर ती येते का बघा. मग खरी परीक्षा: नव्या फोनचा पडदा बंद करून तो बाजूला ठेवा, त्याच खात्याचं लॉगिन असलेल्या दुसऱ्या फोनवरून पुढच्या पाच मिनिटांत वाजेल अशी आठवण लावा, चहा घेऊन या. पडदा बंद असतानाही घंटी वाजली तर फोन पार्श्वभूमीत जागा राहतो. वाजली नाही तर बॅटरीचं बंधन काढून पुन्हा बघा, तरीही नाही वाजली तर दुसरा दाखवायला सांगा. फोन घेतला नाही तर निघताना आपलं खातं त्यातून काढायला विसरू नका.

जुना फोन एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर तो त्याच दिवशी देऊ नका. त्यातलं ‘माय कॅलेंडर’ उघडून मार्च-एप्रिलपर्यंतच्या नोंदी चाळा. खात्यात न गेलेली बुकिंग तिथेच असतात, आणि फोन रीसेट केला की ती कुठूनही परत येत नाहीत. काही अ‍ॅपमध्ये नोंद उघडून तिचं कॅलेंडर बदलता येतं, काहींत येत नाही. तिथे एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने नव्या फोनवर टाकायचं, नाव, रात्री आणि घेतलेली आगाऊ रक्कम, सगळं.